पाऊस का बदलला? पारावर तुम्हीच सांगा

पाऊस लहरी झाला, असे आपण रोज बोलतो. तो का बदलला, हे चार शेजाऱ्यांना बसवून नीट सांगणारा मात्र गावात क्वचितच भेटतो. हे काम तुम्हीच करा. त्याला पदवी लागत नाही. थोडी तयारी लागते.

वेळ साधा

पेरणीच्या धांदलीत कोणी ऐकणार नाही. मृगाच्या पंधरा दिवस आधी, बियाण्याची चर्चा सुरू झाली की रात्रीच्या जेवणानंतर दहा-बारा जणांना पारावर बोलवा. घरच्या बायकांनाही आवर्जून बोलवा. निंदणी, वेचणी त्यांच्याच हातची असते. अर्ध्या तासात आपले बोलणे संपवा.

सुरुवात आपल्या शिवारातून

ध्रुवावरचा बर्फ सध्या राहू द्या. २२ जुलै २०२३ रोजी संग्रामपूर, जळगाव जामोद भागात झालेली अतिवृष्टी आपला जिल्हा विसरलेला नाही. पिकांबरोबर शेतातली मातीही खरडून गेली. तिथून सुरुवात करा. म्हाताऱ्या माणसांना विचारा, पूर्वी दुबार पेरणी किती वर्षांनी यायची? आधी त्यांना बोलू द्या.

मात्र एका पुराने हवामान बदलल्याचे सिद्ध होत नाही, हेही स्वतःहून सांगा. त्यासाठी अनेक वर्षांच्या नोंदी लागतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील शास्त्रज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० ते २०१५ पर्यंतच्या नोंदी तपासल्या. मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्याचे त्यांना आढळले. हे संशोधन २०१७ साली प्रसिद्ध झाले.

कारण सोपे करून सांगा

हवेतला कर्बवायू म्हणजे धरतीच्या अंगावरची गोधडी. ती ऊब धरून ठेवते. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळून आपण ती जाड करीत आहोत. कारखानदारी वाढण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत हा वायू सुमारे २८० भाग होता; आता तो ४२० च्या वर गेला आहे. पृथ्वी सरासरी एक अंशाहून अधिक तापली आहे. हवा एक अंशाने तापली की सुमारे सात टक्के अधिक वाफ धरू शकते. म्हणून उघडीप पडली की जमीन लवकर सुकते आणि पाऊस आला की धो धो कोसळतो.

प्रश्न येतीलच

कोणी म्हणेल, "भेंडवळच्या घटमांडणीत तर यंदा पाऊस चांगला सांगितला आहे." कोणाच्या श्रद्धेची थट्टा करू नका. सांगा, "काका, अक्षय्य तृतीयेला तिथे एका सालाचे भाकीत होते. हवामान म्हणजे निदान तीस वर्षांचा हिशेब. आणि पेरणी तर जमिनीतली ओल पाहूनच करायची."

दुसरा म्हणेल, "धूर केला श्रीमंत देशांनी, भोगायचे आपण?" तक्रार खरी आहे, ती मान्य करा. पण वाहून जाणारी माती आपली आहे, हेही सांगा.

एक काम देऊन उठा

नुसती भीती घालून कोणाला घरी पाठवू नका. सपाट बुडाचा, सरळ कडांचा एक डबा झाडापासून दूर, उघड्यावर पक्का बसवा. रोज सकाळी ठरल्या वेळी आतले पाणी पट्टीने मोजा, वहीत लिहा आणि डबा रिकामा करा. एक सेंटिमीटर पाणी म्हणजे दहा मिलिमीटर पाऊस. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमीन पुरेशी ओलावल्याशिवाय सोयाबीन पेरू नये, असा कृषी खात्याचा सल्ला असतो. आपल्या गावात तेवढा पाऊस झाला की नाही, हे ती वही सांगेल. दुबार पेरणीचे संकट तेवढ्याने पुरते टळणार नाही, पण घाईने बियाणे मातीत घालण्याचा धोका नक्की कमी होईल.

बैठक मोडण्यापूर्वी वही कोणाकडे राहील, तेवढे ठरवून घ्या.