एक अनेक और एकता

एक अनेक और एकता हा १९७४ साली तयार झालेला हिंदी शैक्षणिक सचेतपट (अ‍ॅनिमेशनपट) आहे. सुमारे सात मिनिटांच्या या लघुपटाची निर्मिती भारत सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनने शैक्षणिक तंत्रज्ञान केंद्रासाठी केली. दिग्दर्शन विजया मुळे यांचे, तर संकल्पन व सचेतन भीमसेन यांचे होते. या लघुपटास सर्वोत्कृष्ट शैक्षणिक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दूरदर्शनवर तो वारंवार दाखवला गेल्यामुळे एका संपूर्ण पिढीच्या बालपणाच्या आठवणींत त्याला स्थान आहे.

== कथानक ==

बागेत खेळणाऱ्या मुलांना झाडावरचे आंबे हवे असतात, पण हात पोचत नाही. ‘एकता म्हणजे काय’ या लहान मुलाच्या प्रश्नावर मोठी ताई आधी ‘एक’ आणि ‘अनेक’ समजावते. सूर्य एक, चंद्र एक, तारे मात्र अनेक. मग खार, फुलपाखरू आणि चिमणी. त्यातूनच गोष्ट सुरू होते. दाणे टिपायला उतरलेला थवा व्याधाच्या जाळ्यात अडकतो, सर्व पक्षी एकदम जोर लावून जाळ्यासह उडतात आणि त्यांचे मित्र असलेले उंदीर जाळे कुरतडून त्यांना सोडवतात. गोष्ट ऐकलेली मुले मग एकमेकांच्या साहाय्याने आंबे काढतात.

कथेचे मूळ पंचतंत्रातील ‘मित्रसंप्राप्ती’ या तंत्रात आहे. तेथे कबुतरांचा राजा चित्रग्रीव आदेश देतो आणि हिरण्यक नावाचा उंदीर पाश तोडतो. लघुपटात राजा नाही. शहाणे पक्षी मिळून ठरवतात, आणि हा बदल लहान असला तरी महत्त्वाचा आहे.

== निर्मिती ==

मुंबईत जन्मलेल्या विजया मुळे (१९२१–२०१९) चित्रपट सोसायटी चळवळीच्या आधारस्तंभांपैकी एक होत्या. भीमसेन यांनी पुढे ‘घरौंदा’ (१९७७) हा कथापट दिग्दर्शित केला. संगीत वसंत देसाई यांचे असून अखेरचे ‘हिंद देश के निवासी’ हे गीत पंडित विनयचंद्र मौद्गल्य यांनी लिहिले. गायनात बालवयातील साधना सरगम यांचा आवाज आहे. ‘दो आँखें बारह हाथ’ आणि ‘गुड्डी’ या चित्रपटांतील देसाईंच्या प्रार्थना महाराष्ट्रातील शाळांत आधीच म्हटल्या जात होत्या. समूहाने, सहज गाता येईल अशी चाल बांधण्याचे त्यांचे कसब येथेही दिसते.

== प्रेक्षकांचा प्रतिसाद ==

त्या काळी चित्रपटगृहांना मुख्य खेळाआधी सरकारमान्य माहितीपट दाखवणे बंधनकारक होते. प्रेक्षक तो वेळ बाहेर घालवत किंवा मुद्दाम उशिरा येत. उघडपणे उपदेश करणारा एक सरकारी लघुपट अशा वातावरणात आवडता ठरावा, हे नवलच म्हणावे लागेल. त्याचे श्रेय बरेचसे प्रश्न विचारणाऱ्या लहानग्याला जाते. व्याध म्हणजे कोण, त्याने पक्ष्यांना पकडले का, मारून टाकले का, असे तो मध्येच विचारत राहतो. त्यामुळे गोष्टीतला विनोद टिकतो आणि पाहणाऱ्या मुलाला स्वतःचाच आवाज ऐकू येतो. पुष्कळांना लघुपटाचे खरे नाव ठाऊकही नसते. ‘एक चिड़िया’ म्हटले की मात्र ओळख पटते.

आजच्या सफाईदार संगणकीय सचेतनापुढे त्यातील सपाट रंग आणि मोजक्या हालचाली साध्या वाटतात. अनेक जुन्या प्रेक्षकांना हा साधेपणाच प्रिय आहे, पण त्यात स्मरणरंजनाचा वाटा किती आणि कलागुणांचा किती, हे वेगळे करणे अवघड आहे. मराठी घरांतील मुलांना चिऊ आधीच परिचित होती, ती मेणाच्या घरात राहणारी आणि भिजलेल्या काऊला दाराबाहेर थांबवून ठेवणारी. एकमेकींसाठी जोर लावणाऱ्या चिमण्या त्यांना नव्या होत्या.

== मराठवाड्याच्या संदर्भात ==

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. ग्रामीण महाराष्ट्रात दूरचित्रवाणी सर्वदूर पोचली ती १९८०च्या दशकात, लघुशक्ती प्रक्षेपकांच्या विस्तारानंतर. परभणी जिल्हा १९५६पर्यंत हैदराबाद राज्यात असल्याने तेथे उर्दू व दखनी कानावर होती. लघुपटाची सोपी हिंदी त्यामुळे परकी वाटण्याचे कारण नव्हते.

गोष्टीतील दोन तपशील मात्र या भागात वेगळ्या अर्थाने पाहता येतात. परभणी हा ज्वारीचा जिल्हा आहे. कणसात दाणा भरू लागला की माळ्यावर उभे राहून गोफणीने पाखरे उठवणे हे शेतकरी कुटुंबातील मुलांचेही काम असे. दाणे टिपणाऱ्या थव्याची बाजू घ्यायला लावणारी गोष्ट अशा मुलाला क्षणभर उलटी वाटू शकते.

दुसरा तपशील व्याधाचा. संस्कृत शब्द वापरल्यामुळे तो पुराणातला वाटतो, पण फाशांनी तितर-लावे पकडणारा फासेपारधी समाज मराठवाड्यात प्रत्यक्ष राहतो. पारध्यांना ब्रिटिशकालीन कायद्याने गुन्हेगार जमात ठरवले होते. तो कायदा १९५२ साली रद्द झाला तरी ‘गुन्हेगार’ हा शिक्का पुसला गेला नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली आला आणि शिकारीचा परंपरागत व्यवसायही बेकायदा झाला. लघुपट त्यानंतर दोनच वर्षांनी तयार झाला. कथा पक्ष्यांच्या बाजूने सांगितलेली असल्याने व्याधाचे घर आणि त्याची भूक यांना तीत जागा नाही. वर्गात हा लघुपट पाहणाऱ्या पारधी मुलाला मात्र त्या सात मिनिटांत आपल्या आजोबांचा धंदा खलनायकाच्या हाती दिसतो.