जोते आणि पाणी

खोपटच्या एस. टी. स्थानकाशी उभे राहिले असता समुद्र दिसत नाही. म्हणून आपण ठाणेकर स्वतःला किनाऱ्याचे रहिवासी मानीत नाही. परंतु खाडी म्हणजे आत शिरलेला समुद्रच होय. पावसाळ्यात भरतीच्या वेळी नाल्यांचे पाणी उतरेनासे होते, तेव्हा हे नाते ध्यानात येते. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, त्या वेळी ठाणे-कल्याणकरांनी ही कोंडी पुरती अनुभवली.

चक्रीवादळ तीत आणखी भर घालते. वादळाच्या पोटात हवेचा दाब उतरतो, आणि एका मिलिबारमागे समुद्र सुमारे एक सेंटिमीटर चढतो. मोठा वाटा मात्र वाऱ्याचा. तो पाणी किनाऱ्याकडे रेटतो. किनारा उथळ व खाडी निमुळती असली की त्या पाण्याला वर चढण्यावाचून गती नसते. 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ वादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले. मुरूड-श्रीवर्धनकडे मुख्य नासधूस वाऱ्यानेच केली. कौले आणि पत्रे उडाले. छप्पर उडाले की घरात पाणी वरूनच येते, म्हणून छपराची बांधणी हाही पाण्याशी झुंजण्याचाच भाग आहे.

आता जमिनीवरून येणारे पाणी पाहू. एक मीटर उंच साचलेले पाणी भिंतीच्या दर मीटर लांबीवर अर्धा टन रेटा देते. पाणी दुप्पट झाले की रेटा चौपट, म्हणजे दोन टन होतो. आवाराच्या साडेचार इंची भिंती कोसळतात त्या यामुळेच. अशा भिंतीला तळाशी मोठी भोके ठेवावीत. दोन्ही बाजूंस पाणी सारखे झाले की रेटा उरत नाही.

घराचा खरा रक्षक मात्र जोते. कोकणातल्या जुन्या घरी दोन-तीन पायऱ्या चढूनच ओटीवर जावे लागे; ती नुसती ऐट नव्हती. आपल्या शहरांत उलटा प्रकार चालतो. दर डांबरीकरणाला रस्ता थोडा वर येतो, आणि पन्नास वर्षांपूर्वीचे उंच जोते आज रस्त्याच्या खाली गेलेले दिसते. घर खचलेले नसते, भोवतालची जमीन वाढलेली असते! अमेरिकेतील गॅल्व्हेस्टन शहर 8 सप्टेंबर 1900 च्या वादळात बुडून हजारो माणसे मेली. नंतर तेथे समुद्रभिंत बांधली, वाळूचा भराव घालून जमीन उंचावली, आणि तिच्याबरोबर दोन हजारांवर इमारती जॅक लावून वर उचलल्या. तीन हजार टनांचे एक चर्चसुद्धा पाच फूट वर गेले. त्यांनी घरांना बरोबर नेले. आम्ही रस्ता तेवढा नेतो. नवा थर देण्याआधी जुना खरवडून काढला, तर निम्मे काम होईल.

चाळीतल्या माणसाला घर उचलता येत नाही, हे खरे. पण विजेचे मीटर व पंप डोक्याइतक्या उंचीवर नेता येतात, जमिनीखालच्या टाकीचे तोंड वर घेता येते. सांडपाण्याच्या नळीला एकाच दिशेने उघडणारी झडप बसविली म्हणजे मोरीतून पाणी उलटे येत नाही. तळमजल्यावर प्लायवूडऐवजी फरशी आणि दगडी कट्टा बरा; तो भिजतो आणि वाळतो. खाडीचे खारे पाणी शिरले असल्यास भिंती गोड्या पाण्याने धुवाव्यात. मीठ सिमेंटात मुरून सळ्यांपर्यंत पोचते. गंज मूळ लोखंडाहून कितीतरी अधिक जागा व्यापतो आणि काँक्रीट आतून फोडतो.

तळघर भरले असेल तर मात्र ते एका दमात उपसू नये. बाहेरची माती भिजून जड झालेली असते. आतला आधार एकाएकी गेला तर भिंतच आत येते. बाहेरचे पाणी ओसरू द्यावे, मग रोज थोडे थोडे काढावे.