चार बाइटांचा खेळाडू

समजा, माहूरमधल्या एखाद्या पोराने सुट्टीत खो-खोचा ऑनलाइन गेम लिहिला. सर्व्हर म्हणजे घरचाच लॅपटॉप, त्याला फोनचा हॉटस्पॉट. खेळणारे बारा जण किनवट, पुसद, नांदेड, लातूर असे पांगलेले. मैदानावर एका वेळी बाराच लागतात: आठ बसलेले, एक पाठलागावर, तीन संरक्षक.

पहिल्या खेपेला सगळे जे करतात तेच तोही करणार. प्रत्येक खेळाडूची माहिती सरळ मजकूर म्हणून पाठवणार: नाव, जागा, दिशा, पळतोय की बसलाय. जागा 13.48291746 मीटर, म्हणजे पाय कुठे पडला ते मीटरच्या दहा कोटीव्या भागापर्यंत. त्यात मराठीचा अभिमान म्हणून रकान्यांची नावं देवनागरीत. इथे एक गंमत आहे. इंग्रजीच्या एका अक्षराला एक बाइट लागतो, तर यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन, काना-मात्राही धरून. ‘खेळाडू’ या एका शब्दाचे 18 बाइट. असा माणशी मजकूर धरू 150 बाइट. बारा जणांचे 1,800.

गेम सेकंदाला 60 वेळा पडदा रंगवतो, म्हणून पोरगा माहितीही 60 वेळा पाठवतो. बारा फोनांना मिळून सेकंदाला 12,96,000 बाइट. तासाला साडेचार जीबीच्या वर. दिवसाला दीड जीबीचा पॅक असेल, तर तो साधारण 19 मिनिटांत संपला. खो-खोची एक पाळी 9 मिनिटांची. दोन पाळ्या झाल्या की खेळ बंद.

पण डेटा संपणं हे दुखणं नंतरचं. त्याआधीच गेम अडकायला लागतो. हॉटस्पॉटवरून वर जाणारा वेग सेकंदाला 10 लाख बिट धरा. बारा जणांचा एक हप्ता बाहेर पडायलाच 173 मिलिसेकंद लागतात, आणि पुढचा हप्ता 17 मिलिसेकंदांत तयार होऊन मागे उभा. नवरात्रात रेणुकामातेच्या दर्शनाची रांग पुढे सरकते त्याहून मागे जास्त वाढते, तसंच हे. सेकंदाला 7 मीटर पळणारा गडी त्या 173 मिलिसेकंदांत सव्वा मीटर पुढे निघून गेलेला असतो. पाठलाग करणाऱ्याला पडद्यावर पाठ दिसते, हात लागतो, आणि तरी समोरचा बाद होत नाही. मग भांडणं.

आता काटकसर. मैदान 27 मीटर लांब, 16 मीटर रुंद. सेंटिमीटरात मोजलं तर 2,700 आणि 1,600. बारा बिटांत 4,096 पर्यंत मोजता येतं, अकरांत 2,048 पर्यंत. म्हणजे जागा 23 बिटांत बसली. सोळा दिशांना 4 बिट, बारांपैकी कोण हे सांगायला 4, आणि ‘खो दिला की नाही’ याला 1. बेरीज 32 बिट. अख्खा खेळाडू चार बाइटांत! नाव एकदाच, खेळ सुरू होताना.

पोस्टाने हीच युक्ती आपल्या आजोबांना शिकवली होती. तारेला शब्दांवर पैसे पडायचे, म्हणून लग्नाच्या, दिवाळीच्या शुभेच्छांची ठरावीक वाक्यं क्रमांक घालून ठेवलेली असत. तारेतून जायचा फक्त क्रमांक, पूर्ण वाक्य उमटायचं पलीकडच्या कागदावर. 2013 च्या जुलैत तारसेवा बंद झाली, युक्ती मात्र अजून चालते.

बसलेले आठ तर हलतच नाहीत. त्यांच्याबद्दल काही पाठवायचं कशाला? खो मिळाला की कोण उठला, कोण बसला, हे प्रत्येक फोन आपलं आपण ठरवू शकतो. उरले चार गडी, 16 बाइट. अनुक्रमांक आणि वेळ मिळून आणखी 4. आता 60 ऐवजी 20 वेळाच पाठवायचं, मधली पावलं फोनने अंदाजाने भरायची.

एवढं करून वीस बाइटांचं पत्र झालं, तर पाकीट निघालं 28 बाइटांचं. इंटरनेटच्या नियमांप्रमाणे प्रत्येक पॅकेटावर आयपीचा मथळा 20, यूडीपीचा 8, आणि त्यात घासाघीस चालत नाही. हे दुखणं जुनंच. नेटवर्क अभियंते जॉन नेगल यांनी 1984 मध्येच लिहून ठेवलंय की टीसीपीवर एक अक्षर पाठवायचं तर वर 40 बाइटांचं ओझं चढतं.

तरी 48 बाइट, 20 वेळा, बारा फोन: सेकंदाला 11,520. आधीच्यापेक्षा 112 पट कमी, तेही आधीच्या हिशोबात पाकिटं धरलीच नव्हती. तोच दीड जीबी आता 36 तास पुरतो. 173 मिलिसेकंदांचा हप्ता 5 च्या आत बाहेर पडतो.

‘एज ऑफ एम्पायर्स’ हा युद्धाचा गेम 1997 मध्ये याहून पुढे गेला होता. सेकंदाला 28.8 किलोबिटच्या मोडेमवर आठ खेळाडूंचं, दीडेक हजार सैनिकांचं युद्ध. जागा पाठवत बसले असते तर अडीचशे सैनिकांतच दमले असते. त्यांनी फक्त हुकूम पाठवले, युद्ध प्रत्येक संगणकाने स्वतः लढवलं. मला या सगळ्या प्रकरणात हीच कल्पना सर्वांत देखणी वाटते.

अंतर मात्र कुणालाच कापता येत नाही. सर्व्हर मुंबईत ठेवला, तर माहूर ते मुंबई सरळ रेषेत सुमारे 535 किलोमीटर. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन साडेपाच मिलिसेकंद. सर्व्हर सिंगापुरात ठेवला तर 35. तारा सरळ रेषेत नसतात, तेव्हा प्रत्यक्षात जास्तच. 35 मिलिसेकंदांत आपला गडी वीतभर सरकतो, आणि खो-खोत बाद व्हायला बोटाचं टोक पुरतं.

राहिला तो एक बिट, खोचा. यूडीपी पोचवण्याची हमी देत नाही. जागेचं पॅकेट हरवलं तर बिघडत नाही, पुढचं लगेच येतं. खो हरवला तर किनवटच्या फोनवर एक जण धावतोय आणि लातूरच्या फोनवर दुसराच. म्हणून पलीकडून पोच येईपर्यंत तो बिट पुढच्या प्रत्येक पॅकेटात पुन्हा घालायचा. खो, खो, खो.