तात्पुरत्या जनित्राची केबल : दर नव्हे, दाब पाहा

वऱ्हाडातील उद्योगांना जनित्र नवे नाही. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत अकोला-अमरावतीच्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांत आणि डाळमिलांत त्याची घरघर नित्याची झाली होती. रोहित्र जळाले, उपकेंद्राची दुरुस्ती निघाली किंवा नवी वीजजोडणी लांबली, की भाड्याचे मोठे जनित्र आजही आणले जाते. जनित्राची निवड चोखंदळपणे होते. केबल मात्र गोदामात असेल ती अंथरली जाते. धोका नेमका येथेच असतो.

एक हजार केव्हीएचे जनित्र ४१५ व्होल्टवर सुमारे १,३९० अँपिअर प्रवाह देते. तीच वीज ११ केव्हीवर नेल्यास प्रवाह अवघा साडेबावन्न अँपिअर होतो. म्हणूनच अंतर मोठे असल्यास दाब वाढविणे किफायतशीर ठरते. मात्र प्रवाह घटला म्हणून साधी केबल चालेल, हा समज घातक आहे. प्रवाह धातूच्या जाडीने पेलला जातो, दाब मात्र आवरणाने.

पहिला घोळ शब्दाचाच आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत ‘मध्यम दाब’ म्हणजे २५० ते ६५० व्होल्ट असा अर्थ होता. आंतरराष्ट्रीय परिभाषेत मात्र तोच शब्द एक केव्हीपेक्षा अधिक दाबासाठी वापरला जातो. नुसती ‘मध्यम दाबाची केबल’ मागविल्यास १.१ केव्हीची केबल हाती पडू शकते आणि ११ केव्हीवर तिचे आवरण फुटू शकते. मागणीपत्रात शब्दाऐवजी आकडा लिहावा.

आकडाही पुरेसा स्पष्ट हवा. ११ केव्हीच्या केबल ‘६.३५/११’ आणि ‘११/११’ अशा दोन प्रतींत मिळतात. पहिली पक्के अर्थिंग असलेल्या यंत्रणेसाठी, दुसरी तसे अर्थिंग नसलेल्या यंत्रणेसाठी असते. तात्पुरत्या जोडणीत जनित्राचा न्यूट्रल अनेकदा रोधकातून जमिनीला जोडलेला असतो, तर कधी दाब वाढविणाऱ्या रोहित्राच्या ११ केव्ही बाजूला न्यूट्रलच नसतो. अशा वेळी एक फेज जमिनीला टेकला, तर उरलेल्या दोन फेजच्या आवरणावर पूर्ण ११ केव्हीचा ताण येतो. दोष त्वरित तुटण्याची खात्री नसेल, तर ‘११/११’ प्रतच योग्य.

यानंतर येते उष्णता. एक्सएलपीई आवरणाच्या केबलमधील धातू ९० अंशांपर्यंत तापू शकतो. हवेतील केबलची क्षमता साधारणतः ४० अंश तापमान गृहीत धरून दिलेली असते. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. हवा ५० अंशांवर गेल्यास क्षमता सुमारे ११ टक्क्यांनी घटते. काळ्या आवरणावरील ऊन आणि ड्रमवर तशीच गुंडाळलेली केबल ही घट आणखी वाढवितात. जमिनीत पुरल्यानेही प्रश्न सुटत नाही. वऱ्हाडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, कोरडी होते आणि उष्णता बाहेर सोडत नाही. म्हणून केबलभोवती वाळूचा थर देणे हिताचे.

वारंवार हलवावयाच्या जोडणीसाठी कडक अ‍ॅल्युमिनिअम केबलपेक्षा बारीक तारांची, रबरी आवरणाची तांब्याची लवचिक केबल सरस ठरते. कडक केबल तिच्या व्यासाच्या साधारण पंधरापट त्रिज्येपेक्षा कमी वळवू नये. खरी कसोटी टोकांची असते. तेथे धातूचे कवच संपते, विद्युत ताण एकवटतो आणि केबल बहुधा तेथेच फुटते. हे काम योग्य टर्मिनेशन किट घेऊन प्रशिक्षित जोडारीनेच करावे. चाचणीनंतर केबलमध्ये विद्युतभार साठून राहतो. ती जमिनीला जोडून निर्भार केल्याखेरीज हात लावू नये.

शेवटचा प्रश्न आवाराबाहेरचा आहे. जनित्र आणि महावितरणची वाहिनी एकाच वेळी जोडल्या जाणार नाहीत, असे यांत्रिक कुलूप नसेल, तर जनित्राची वीज उलट्या दिशेने वाहिनीत शिरते. वाहिनी बंद आहे असे समजून खांबावर चढलेल्या लाइनमनचा जीव त्यात जाऊ शकतो. म्हणून परवानाधारक ठेकेदार आणि विद्युत निरीक्षकांची तपासणी ही केवळ कागदी औपचारिकता नव्हे. जोडणी चार दिवसांची असली, तरी ११ केव्हीचा दाब तात्पुरता नसतो.