मेंटरचे दार ठोठावले का?

मुलगा किंवा मुलगी इंजिनीअरिंगला लागली की घरात मिठाई येते, फीची जुळवाजुळव होते आणि मग चार वर्षे सारे निश्चिंत. पास झाला की नोकरी लागेल, हा आपला सरळ हिशेब. आम्हाला तो अपुरा वाटतो. ज्या घरात वडील किंवा मामू स्वतः इंजिनीअर आहेत, तिथल्या मुलाला जेवता जेवता कळते की इंटर्नशिप कुठे शोधायची, प्रोजेक्टचा विषय कसा निवडायचा. ज्याचे अब्बा गॅरेज चालवतात आणि अम्मी शिवणकाम करते, तो मुलगा हुशारीत कमी नसतो. त्याला सांगणारे घरात कोणी नसते, एवढेच.

ती जागा कॉलेजचा मेंटर भरू शकतो, आणि हे पुष्कळ पालकांना ठाऊकच नाही. एआयसीटीईच्या इंडक्शन कार्यक्रमात पहिल्या वर्षाच्या मुलांचे सुमारे २०-२० चे गट करून प्रत्येक गटाला एक प्राध्यापक मेंटर द्यावा, अशी योजना आहे. एनबीएचे मानांकन घेणाऱ्या कॉलेजलाही किती मुलांमागे एक मेंटर आहे आणि भेटी किती वेळा होतात, हे दाखवावे लागते. साहजिकच काही ठिकाणी भेट म्हणजे वहीवर सही, एवढाच मामला उरतो. पण वही आहे म्हणजे मेंटरचे नाव ठरलेले आहे. त्या नावापाशी जाऊन बसणे मुलाच्या हातात आहे.

मेंटरचा खरा उपयोग कुठे होतो? आमच्या मते केटीच्या बाबतीत सर्वात जास्त. एखादा विषय राहिला तरी मुलाला पुढच्या वर्गात बसता येते, म्हणून तो घरी काही बोलत नाही. कॅम्पसवर कंपन्या येतात त्या शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीलाच, आणि त्यांतल्या अनेकांची अट असते की विषय बाकी नको आणि गुण ६० टक्क्यांच्या वर हवेत. मुलगा परीक्षेत नव्हे, अर्ज भरतानाच बाहेर पडतो. दुसऱ्या वर्षातच "हा विषय आधी सोडव" असे दटावणारा मेंटर असेल तर ही वेळ येत नाही.

मुंबईच्या आयआयटीत यासाठी तीन पायऱ्या आहेत. नव्या मुलांना वरच्या वर्गातला विद्यार्थी मेंटर मिळतो, पुढे विभागाच्या अभ्यासासाठी वेगळे विद्यार्थी-मेंटर असतात, आणि नोकरी-व्यवसायाबद्दल बोलायला माजी विद्यार्थी. एवढी व्यवस्था साध्या कॉलेजला जमणार नाही, हे मान्य. पण दोन वर्षे पुढचा विद्यार्थी आणि नोकरीला लागलेला माजी विद्यार्थी प्रत्येक कॉलेजात असतोच! प्राध्यापक अभ्यासाचे सांगतील. मुलाखतीच्या खोलीत गेल्या वर्षी काय विचारले, हे तिथे बसून आलेलाच सांगेल.

मुलींच्या बाबतीत आणखी एक मशवरा. मेंटर मॅडमना अम्मीने एकदा तरी भेटून यावे. नोकरी पुण्याला लागली तर राहायचे कुठे, कंपनीची गाडी असते का, शिफ्ट कोणती, हे प्रश्न घरात उठतात आणि उत्तराअभावी होकाराचा नकार होतो. त्याच कॉलेजची एखादी मुलगी तिथे आधीच काम करत असेल तर मॅडम तिचा दुवा देऊ शकतात. मग बोलणे अंदाजावर राहत नाही.

कॅम्पसवर काम झाले नाही तर सरकारच्या राष्ट्रीय अप्रेंटिसशिप योजनेत पदवीधरांना कंपनीत विद्यावेतनावर शिकता येते. तिथे नोंदणी करायचे निकालाआधीच मेंटरला विचारून घ्यावे.

आणि माजी विद्यार्थ्याला निरोप पाठवताना "भाई, कुठे नोकरी असेल तर बघा" असे लिहू नये. त्याला उत्तर देणे समोरच्यालाही अवघड जाते. "मी अमुक कॉलेजचा, तिसऱ्या वर्षाला आहे. माझा रेझ्युमे एकदा पाहाल का, आणि तुमच्या कामात कॉलेजमधला कोणता विषय रोज लागतो?" एवढे विचारले तर बहुतेक जण वेळ काढतात.