अखंड चालणारा संगणक आणि त्याचा वीजपुरवठा

यवतमाळ जिल्ह्यात पुसद, वणी, दारव्हा किंवा झरी-जामणी यांपैकी कोणत्याही तालुक्यात गेले तरी शाळा, ग्रामपंचायत आणि शिक्षकांचे घर या तिन्ही ठिकाणी आता संगणक आढळतो. २०११ मध्ये हाती घेतलेली आणि पुढे भारतनेट या नावाने ओळखली जाऊ लागलेली प्रकाशतंतू योजना, २०२० मध्ये सुरू झालेली ई-ग्रामस्वराज प्रणाली यांमुळे गावच्या नोंदी कागदावरून संगणकावर आल्या. धडे, छायाचित्रे व अभिलेख एका ठिकाणी साठवून ते घरातील किंवा कार्यालयातील इतर संगणकांना पुरविणारा, रात्रंदिवस चालू राहणारा संगणक म्हणजे सर्व्हर होय. असा सर्व्हर उभारताना प्रोसेसर व हार्ड डिस्क यांचा पुष्कळ विचार होतो. वीजपुरवठ्याच्या पेटीचा मात्र सर्वांत शेवटी आणि बहुधा सर्वांत कमी किमतीत. वस्तुतः नोंदींची सुरक्षितता प्रथम या पेटीवरच अवलंबून असते.

भिंतीतील सुमारे २३० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह संगणकाच्या भागांना चालत नाही. त्यांना १२, ५ व ३.३ व्होल्टचा स्थिर एकदिश प्रवाह लागतो. हे रूपांतर करणाऱ्या पेटीला एसएमपीएस म्हणतात. हलक्या प्रतीच्या पेटीत हा दाब डळमळतो. लिखाण चालू असताना तो घसरला तर डिस्कवरील नोंद अर्धवट राहते. प्रमाणाबाहेर वाढला तर डिस्कच निकामी होऊ शकते. अधिक दाब, अधिक भार व शॉर्टसर्किट यांपासून स्वतःहून बंद होण्याची सोय पेटीत आहे किंवा नाही, हे म्हणूनच खरेदीपूर्वी पाहणे अगत्याचे आहे.

किती वॅट हवेत?

मोठी पेटी म्हणजे चांगली पेटी, हा समज बरोबर नाही. चार डिस्क असलेला साधा सर्व्हर नेहमीच्या कामात ६० वॅटच्या आसपास वीज घेतो. चक्राकार फिरणारी प्रत्येक डिस्क सुरू होताना काही सेकंद सुमारे २५ वॅट मागते. त्यामुळे आरंभीची मागणी दीडशे वॅटच्या आसपास जाऊ शकते. यासाठी ३०० वॅटची उत्तम पेटी पुरेशी आहे. साडेसातशे वॅटची पेटी घेतल्यास ती नेहमी क्षमतेच्या दहा टक्क्यांहूनही कमी भारावर चालेल आणि इतक्या अल्प भारावर कार्यक्षमता घटते.

कार्यक्षमतेचा हिशेब येथे दुर्लक्षिण्याजोगा नाही. ६० वॅटच्या कामासाठी ७५ टक्के कार्यक्षम पेटी भिंतीतून ८० वॅट ओढते, तर ९० टक्के कार्यक्षम पेटी सुमारे ६७ वॅट. वर्षभर अखंड चालणाऱ्या यंत्रात हा फरक सुमारे ११७ युनिटांचा होतो. २००४ मध्ये सुरू झालेले ‘८० प्लस’ हे प्रमाणचिन्ह या कामी उपयोगी पडते. २०, ५० व १०० टक्के भारावर किमान ८० टक्के कार्यक्षमता, हा त्याचा मूळ निकष होय. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा त्याच्या वरच्या श्रेणी आहेत.

उष्णता आणि विजेचा लहरीपणा

वाया गेलेली वीज उष्णतेच्या रूपाने पेटीतच राहते. यवतमाळच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो, तेव्हा बंद खोलीतील पेटीचे तापमान त्याहूनही अधिक असते. पेटीतील कपॅसिटरचे आयुष्य तापमान दहा अंशांनी वाढले की साधारणतः निम्मे होते. म्हणून ८५ अंशांऐवजी १०५ अंशांसाठी बनविलेले कपॅसिटर असलेली पेटी निवडावी, ती भिंतीपासून दूर ठेवावी आणि पंख्यावरील धूळ वेळोवेळी झाडावी.

शेतीपंप एकाच वेळी सुरू झाले की वाहिनीवरील दाब उतरतो. १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालणारी, अॅक्टिव्ह पीएफसी असलेली पेटी असा उतार सहन करते. काही जुन्या पेट्यांवर ११५ व २३० असे दोन आकडे दाखविणारे बटण असते. ते ११५ वर राहिले तर वीज जोडताच पेटी जळते.

वीज गेल्यावर पेटी आपल्या साठ्यावर जेमतेम १६ मिलिसेकंद तग धरते. तेवढ्या अवधीत यूपीएसने भार उचलला पाहिजे. घरगुती इन्व्हर्टर नेहमीच्या पद्धतीवर चालत असल्यास त्याला अधिक वेळ लागतो आणि संगणक बंद पडतो. शिवाय चौकोनी तरंगाची वीज पीएफसी असलेल्या पेटीला मानवेलच असे नाही. शुद्ध साइन तरंग देणारा यूपीएस घेणे श्रेयस्कर. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाच्या बॅटरीत ८४ वॅट-तास ऊर्जा असते. प्रत्यक्षात सर्व्हरला त्यातून अर्ध्या तासाच्या आसपास आधार मिळतो. हा वेळ काम चालू ठेवण्यासाठी नसून यंत्र नीट बंद करण्यासाठी आहे. यूपीएसची संदेशतार सर्व्हरला जोडल्यास रात्री कोणी नसतानाही ते आपोआप बंद होते.

भूसंपर्कनाचे महत्त्व

पेटी कितीही चांगली असली तरी अर्थिंग नसेल तर तिचे संरक्षण अपुरे पडते. मृगापूर्वीच्या विजांच्या कडकडाटात वाहिनीवर येणारा क्षणिक उच्च दाब जमिनीत उतरण्यासाठी सुस्थितीतील अर्थिंगच लागते. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालावे आणि परवानाधारक तंत्रज्ञाकडून वर्षातून एकदा तपासणी करून घ्यावी. रोहित्राकडील न्यूट्रल तार तुटल्यास घरात ४०० व्होल्टच्या जवळपास दाब येऊ शकतो. दिवे एकाएकी प्रखर झाल्यास मुख्य बटण तत्काळ बंद करणे हाच उपाय होय.

खर्चाचा क्रम ठरविताना प्रथम अर्थिंग, मग पेटी, त्यानंतर यूपीएस आणि शेवटी अधिक वेगवान प्रोसेसर, असा विचार करणे हिताचे ठरेल. याउपरही महत्त्वाच्या नोंदींची एक प्रत दुसऱ्या जागी ठेवली पाहिजे. यंत्र पुन्हा विकत घेता येते. गावाच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी किंवा शिक्षकाने वर्षानुवर्षे जमविलेले धडे मात्र एकदा गेले की बाजारात मिळत नाहीत.