गढूळ हवा, मोठा पैसा आणि नवे कारभारी

१४ नोव्हेंबर २०१०. अबू धाबीचा यास मरिना ट्रॅक आणि फॉर्म्युला वनच्या मोसमातली शेवटची शर्यत. सेबास्टियन व्हेटेल शर्यत जिंकला तरी फेरारीच्या फर्नांडो अलोन्सोला जगज्जेता होण्यासाठी चौथा क्रमांक पुरेसा होता. पंधराव्या फेरीला टायर बदलून तो पिटमधून बाहेर पडला आणि रेनोच्या विताली पेत्रोव्हच्या मागे अडकला. पेत्रोव्हचं हे पहिलंच वर्ष. अलोन्सो दोन वेळचा जगज्जेता. तरीही उरलेल्या चाळीसेक फेऱ्यांत अलोन्सोला त्याला मागे टाकता आलं नाही. प्रत्येक वळणावर तो जवळ यायचा आणि वळणातून बाहेर पडताना पुन्हा मागे पडायचा. शेवटी तो सातवा आला आणि चार गुणांनी विश्वविजेतेपद गमावून बसला.

या चाळीस फेऱ्यांत अलोन्सोच्या कौशल्याची कसोटी लागलीच नाही. तो हवेशी लढत होता. फॉर्म्युला वनची गाडी वेगाने वळते ती टायरच्या पकडीच्या जोरावर, आणि त्या पकडीचा मोठा भाग हवेतून येतो. पंख आणि गाडीचा तळ अशा रीतीने घडवलेले असतात की वाहती हवा गाडीला रस्त्यावर दाबून धरते. हाच तो डाउनफोर्स. पण पुढची गाडी हवा कापत गेली की तिच्यामागे हवा घुसळून निघते. हायवेवर एसटीच्या मागे मोटारसायकल धरली की हँडल कसं हिसके खातं, ते ज्यांनी अनुभवलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. अशा गढूळ हवेत मागच्या गाडीचे पंख निकामी होतात. नाक वळणाच्या आत येत नाही, टायर घसरतात, घसरून तापतात आणि तापले की आणखी घसरतात. दोन-तीन फेऱ्यांत ड्रायव्हर आपणहून अंतर वाढवतो, कारण दुसरा इलाजच नसतो.

पुढच्याच वर्षी यावर उपाय आला, डीआरएस. पुढच्या गाडीपासून एका सेकंदाच्या आत असलात तर ठरावीक सरळ पट्ट्यात मागच्या पंखाची फळी उघडायची, हवेचा विरोध कमी करायचा आणि वेग वाढवून पुढे निघायचं. ओव्हरटेकिंग वाढलं, पण मूळ दुखणं तसंच राहिलं. वळणातली झुंज सरळ पट्ट्यात ढकलली गेली आणि तिथे पुढचा ड्रायव्हर असहाय झाला. मला हा उपाय कधीच पटला नाही. ठिगळ लावलं, कापड मात्र विरतच राहिलं.

त्या काळातल्या बऱ्याच नियमांची हीच गत होती. २०१४मध्ये शेवटच्या शर्यतीला दुप्पट गुण देऊन पाहिले. ते एका वर्षात गुंडाळावं लागलं. २०१६मध्ये पात्रता फेरीत दर दीड मिनिटाला एक गाडी बाद करण्याची पद्धत आणली. मेलबर्नला शेवटची काही मिनिटं ट्रॅकवर गाडीच नव्हती, आणि दोन शर्यतींनंतर ती पद्धत मागे घेतली गेली. दोन्ही बदलांआधी कुणी बसून मोजमाप केलं नव्हतं. करणार तरी कोण? नियमांची दिशा ठरवणाऱ्या गटात फक्त सहा संघांना मत होतं आणि नियमातून फायदा-तोटा त्यांचाच व्हायचा. फेरारीकडे तर नकाराधिकारच होता. व्यवहाराच्या नाड्या बर्नी एक्लस्टन यांच्या हाती होत्या. या माणसाने चार दशकांत हा खेळ छोट्या संघांच्या गोतावळ्यातून जगभर नेला, हे श्रेय त्यांना द्यावंच लागेल. पण प्रत्येक संघाशी वेगळा करार करायचा आणि त्यांना आपसात एक होऊ द्यायचं नाही, हीच त्यांची कारभाराची रीत होती.

या रीतीची किंमत मोजणाऱ्यांत एका संघाच्या नावातच आपला देश होता. विजय मल्ल्या यांनी २००७मध्ये विकत घेतलेला फोर्स इंडिया हा संघ सिल्व्हरस्टोनच्या कारखान्यातून चालायचा. माणसं बहुतेक इंग्लंडची, बरीचशी जुन्या जॉर्डन संघातली. २०१६ आणि २०१७ अशी दोन्ही वर्षं हा संघ चौथा आला. पुढचे तीन संघ म्हणजे मर्सिडीज, रेड बुल आणि फेरारी. सर्वांत मोठे संघ वर्षाला चाळीस कोटी डॉलरच्या आसपास खर्च करत होते, तर फोर्स इंडियाचं बजेट त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या जवळपास होतं. म्हणजे दर डॉलरमागे मिळवलेल्या गुणांचा हिशेब केला, तर हा जगातल्या सर्वोत्तम संघांपैकी एक ठरतो. आणि हाच संघ जुलै २०१८मध्ये, हंगेरीच्या शर्यतीच्या आठवड्यात, दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला. मल्ल्यांचे स्वतःचे घोटाळे आणि कर्जं त्याला कारण होतीच, त्यावर पांघरूण घालायचं कारण नाही. पण २०१२ ते २०१७ या काळात एचआरटी, कॅटरहॅम आणि मॅनॉर हे तीन संघ कायमचे बंद पडले, तेव्हा दोष एका मालकाचा नव्हता. बक्षिसाच्या रकमेचं वाटपच असं होतं की चांगलं काम करूनही छोटा संघ तगू शकत नव्हता. २०१५मध्ये फोर्स इंडिया आणि सॉबर या दोन संघांनी या वाटपाविरुद्ध थेट युरोपीय आयोगाकडे तक्रार केली होती.

ती तक्रार २०१८च्या सुरुवातीला मागे घेतली गेली, कारण दरम्यान कारभारी बदलले होते. अमेरिकेच्या लिबर्टी मीडियाने फॉर्म्युला वनचे व्यावसायिक हक्क घेतले आणि जानेवारी २०१७मध्ये एक्लस्टन यांना बाजूला सारून चेस कॅरी प्रमुख झाले. नवे लोक निदान समोर बसून बोलतात, अशी दोन्ही संघांची भावना होती. लिबर्टीची चर्चा झाली की लोकांना नेटफ्लिक्सवरची मालिका आठवते. मला त्यांचा सर्वांत मोलाचा निर्णय वेगळा वाटतो. त्यांनी रॉस ब्रॉन यांना बोलावलं.

मायकल शूमाकरच्या सातही विश्वविजेतेपदांमागचे तंत्रप्रमुख हेच ब्रॉन. २००८च्या अखेरीस होंडाने संघ सोडला, २००९मध्ये त्यांनी तो एका पौंडात घेतला आणि त्याच वर्षी ड्रायव्हर आणि संघ अशी दोन्ही विजेतेपदं मिळवली. ती गाडी गाजली दुहेरी डिफ्यूजरमुळे, म्हणजे तळाच्या मागच्या टोकाच्या दुमजली रचनेमुळे. गढूळ हवा कमी व्हावी म्हणून त्या वर्षी जे नियम आणले होते, त्यांच्यातल्याच एका फटीतून तो निघाला होता. नियमाचा हेतू काय आणि शब्द काय, या दोहोंमधलं अंतर ज्याने विजेतेपद मिळवण्याइतकं नेमकं मोजलं, त्याच्याच हाती आता नियम लिहिण्याचं काम आलं. शिवाय त्यांच्या मागे कुठलाही संघ नव्हता. नियम लिहिणारा हुशार हवा आणि निकालात त्याचा स्वार्थ नको, या दोन गोष्टी या खेळात फार क्वचित एकत्र आल्या आहेत.

ब्रॉन यांनी पॅट सिमंड्स आणि इतर अभियंत्यांना घेऊन एक छोटा गट उभा केला आणि त्याला वेळ दिला. २०१७मध्येच रुंद, जास्त डाउनफोर्सच्या गाड्या आल्या होत्या आणि ओव्हरटेकिंग जवळजवळ निम्म्यावर आलं होतं; घाईत केलेल्या बदलाचं उदाहरण समोरच होतं. या गटाने संगणकावर एक नव्हे, दोन गाड्या एकामागोमाग उभ्या केल्या आणि मागच्या गाडीचं काय होतं ते तपासलं. संघ असा अभ्यास फारसा करत नसत, कारण मागच्या गाडीचं भलं करण्यात कुणालाच रस नव्हता. सॉबरच्या विंड टनेलमध्ये निम्म्या आकाराचं मॉडेल तपासून झालं. त्यातून निघालेला आकडा या साऱ्या प्रकरणाचा गाभा आहे. जुन्या गाडीचा डाउनफोर्स पुढच्या गाडीपासून वीस मीटरवर सुमारे ३५ टक्के कमी व्हायचा, दहा मीटरवर ४७ टक्के. नव्या आराखड्यात तोच तोटा ४ आणि १८ टक्क्यांवर आला. तळाखालच्या बोगद्यांतून पकड मिळवायची आणि मागची हवा वर उडवून द्यायची, हे त्यामागचं तंत्र. १९८२नंतर हद्दपार झालेला ग्राउंड इफेक्ट असा २०२२मध्ये परत आला.

सुरुवातीला गाड्या सरळ पट्ट्यात उसळ्या मारू लागल्या आणि ड्रायव्हरांच्या पाठीची वाट लागली. पण पाठलाग सोपा झाला, यात शंका नाही. मात्र २०२३ उजाडलं आणि रेड बुलने २२पैकी २१ शर्यती जिंकल्या. सिंगापूरला फेरारीचा कार्लोस साइन्झ जिंकला, तेवढाच अपवाद. एवढा खटाटोप करून पुन्हा एकाच संघाचं राज्य, असं तेव्हा बरेच जण म्हणाले. हवेच्या नियमापुरता तो आक्षेप खराही होता. गाड्या जवळ आल्या, तरी एक संघ फार पुढे असेल तर कुणाच्या जवळ जायचं?

त्याचं उत्तर दुसऱ्या नियमात होतं. त्याची चर्चा कमी होते, कारण तो पडद्यावर दिसत नाही. २०२१पासून प्रत्येक संघाच्या खर्चाला मर्यादा आहे. पहिल्या वर्षी १४ कोटी ५० लाख डॉलर. ड्रायव्हरांचे पगार, जाहिरात, इंजिनं वगैरे वेगळे. असा प्रयत्न २००९मध्ये खेळाची नियामक संस्था एफआयएचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स मोस्ले यांनी केला होता, पण मोठ्या संघांनी वेगळी स्पर्धाच काढण्याची धमकी दिली आणि तो बारगळला. या वेळी आधी ठरलेला आकडा होता १७ कोटी ५० लाख. करोनाच्या टाळेबंदीत शर्यती थांबल्या, उत्पन्न आटलं, आणि संघ आणखी खाली यायला तयार झाले. जोडीला विंड टनेलच्या वापराची उतरती भाजणी आली. विजेत्या संघाला ठरलेल्या वेळेच्या ७० टक्के आणि खाली प्रत्येक क्रमांकाला पाच-पाच टक्के जास्त, म्हणजे दहाव्याला ११५ टक्के.

याचं फळ मॅक्लारेनच्या निमित्ताने दिसलं. २०२३च्या पहिल्या शर्यतीत, बहारीनला, त्यांचा ऑस्कर पियास्त्री बाहेर पडला आणि लँडो नॉरिस सहा वेळा पिटमध्ये जाऊन सतरावा आला. नुकतेच संघप्रमुख झालेले आंद्रेआ स्टेला यांनी तांत्रिक विभागाची रचनाच बदलली. जुलैत नवी गाडी म्हणावी इतके बदल आले आणि सिल्व्हरस्टोनला नॉरिस दुसरा, पियास्त्री चौथा आला. २०२४मध्ये मॅक्लारेनने १९९८नंतर प्रथमच संघांचं विजेतेपद जिंकलं. त्या वर्षी २४ शर्यती सात ड्रायव्हरांनी जिंकल्या, आणि सातही जणांनी किमान दोन-दोन. असं याआधी कधीच घडलं नव्हतं. जुन्या काळात मागे पडलेला संघ पुढच्यांइतका पैसा ओतू शकत नसे आणि तिथेच त्याची गोष्ट संपायची. आता चूक कळली तर ती सुधारायला जागा आहे.

म्हणून माझं ठाम मत आहे की गेल्या दशकातला सर्वांत चांगला नियम हिशेबाच्या वहीतला आहे. आणि त्याच वहीच्या राखणीत कारभारी कमी पडतात. २०२१च्या मोसमात रेड बुलने मर्यादा ओलांडल्याचा निकाल ऑक्टोबर २०२२मध्ये लागला: ७० लाख डॉलर दंड आणि हवेच्या चाचण्यांत दहा टक्के कपात. तोवर पुढचं विजेतेपदही वाटून झालं होतं. पैशाच्या नियमाला पैशाचाच दंड, तोही इतक्या उशिरा, याने धाक बसत नाही.

नव्या कारभाऱ्यांचे इतर निर्णयही डोळे झाकून मान्य करावेत असे नाहीत. अमेरिकेच्या अँड्रेटीला अकरावा संघ म्हणून एफआयएने ऑक्टोबर २०२३मध्ये मान्यता दिली. चार महिन्यांनी व्यावसायिक बाजूने त्याच संघासाठी दारं बंद केली आणि पुढे जनरल मोटर्सच्या कॅडिलॅकसाठी उघडली. आपल्या वाट्याला कात्री लागू नये म्हणून जुने संघ नव्याला अडवतात, हे पूर्वीही होतं आणि आजही आहे. २०२५च्या मे महिन्यात मोनाकोला दोन पिट स्टॉपची सक्ती केली. तर रेसिंग बुल्स आणि विल्यम्सच्या ड्रायव्हरांनी मुद्दाम सावकाश गाडी चालवून मागच्यांना रोखलं आणि सहकाऱ्याला फुकटचा पिट स्टॉप मिळवून दिला. पुन्हा ठिगळच. मोनाकोचा रस्ता अरुंद आहे आणि गाड्या मोठ्या आहेत, दुखणं ते आहे.

त्या दुखण्याला २०२६च्या नियमांत हात घातला जातोय. नव्या गाड्या दहा सेंटिमीटर अरुंद आणि तीस किलो हलक्या. डीआरएस जातंय, पुढचे-मागचे दोन्ही पंख सरळ पट्ट्यात सगळ्यांसाठीच झुकतील. इंजिनातली विजेची ताकद १२०वरून ३५० किलोवॅटवर जाईल, म्हणजे जवळपास निम्मा जोर बॅटरीचा. इंधन पूर्णपणे शाश्वत स्रोतांतलं. ऑडी येतेय, होंडा परततेय, रेड बुल फोर्डबरोबर स्वतःचं इंजिन बनवतेय. हे सगळं उत्साहाचं आहे, पण मला धास्ती वाटते ती इंजिनाची. २०१४मध्ये असाच मोठा बदल झाला, मर्सिडीजचं गणित एकट्याचं बरोबर निघालं आणि सलग आठ वर्षं संघांचं विजेतेपद दुसऱ्या कुणाला मिळालं नाही. या वेळी मागे पडलेल्या इंजिन कंपनीला सुधारणेची जास्तीची मुभा देण्याची तरतूद आहे. ती मोकळ्या हाताने वापरली गेली पाहिजे.

आपल्याकडून या खेळात जाणाऱ्याची वाट किती खडतर आहे, ते मुंबईच्या जेहान दारूवालाकडे पाहून कळतं. २०११मध्ये फोर्स इंडियाने देशभरातून मुलं निवडण्याची 'वन फ्रॉम अ बिलियन' मोहीम काढली, त्यातल्या तीन विजेत्यांपैकी तो एक. पुढे फॉर्म्युला टूमध्ये त्याने शर्यती जिंकल्या, मॅक्लारेनची जुनी फॉर्म्युला वन गाडीही सिल्व्हरस्टोनला चालवून पाहिली. ज्या संघाने त्याला शोधलं तो मात्र त्याच्यासाठी जागा करण्याआधीच संपला. खर्चाची मर्यादा दहा वर्षं आधी आली असती तर छोट्या संघांच्या अशा मोहिमा तगल्या असत्या, असं मला वाटतं.

नव्या नियमांची पहिली शर्यत ८ मार्च २०२६ची, मेलबर्नला. वाचकांना एकच सुचवतो. पहिला कोण आला, यावर नियमांचा निकाल लावू नका. सहाव्या ते चौदाव्या क्रमांकाची झुंज बघा. तिथले ड्रायव्हर वळणात एकमेकांना चिकटून राहू शकले, आणि मोसमाच्या मध्यावर तिथला एखादा संघ पुढे सरकला, तर नियम चांगले आहेत.